वाणाच्या बाटल्या आणि बंद शटर

संक्रांत जवळ आली की आमच्या सेनगावात बायकांच्या बोलण्यात एकच विषय असतो. ‘या वर्षी काय लुटायचं?’ गाळण्या झाल्या, डबे झाले, रुमाल झाले, चमचेही झाले. प्रत्येकीला वाटतं, आपलं वाण जरा वेगळं असावं, घेणारीच्या रोजच्या कामी यावं आणि आपल्या खिशालाही परवडावं. मागच्या संक्रांतीला आम्ही सहा मैत्रिणींनी मिळून ठरवलं की स्टीलच्या थर्मासच्या बाटल्या लुटायच्या. शेतात चहा न्यायला, लेकरांना शाळेत पाणी न्यायला, आजारी माणसाच्या उशाशी गरम पाणी ठेवायला. सगळ्या घरात उपयोगी पडणारी वस्तू.

जवळच्याच एका मोठ्या गावात दुकानावर कापडी फलक लागला होता. ‘दुकान बंद करणे आहे. सर्व माल अर्ध्या किमतीत.’ दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका दुकानाचा नाही. असे फलक आता प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात. आम्ही गेलो, बाटली हातात घेऊन पाहिली. चकचकीत होती, जड होती. भाव केला. दुकानदार म्हणाला, “वहिनी, बिल पाहिजे असलं तर एकशे तीस पडतील. बिनबिलाची घ्या, एकशे दहाला लावतो.” आम्ही सहा जणींनी एकमेकींकडे पाहिलं. बाटलीमागे वीस रुपये म्हणजे १२० बाटल्यांचे २,४०० रुपये वाचत होते. कोण सोडील? १३,२०० रुपये दिले. त्यातले ५,००० एकीने फोनवरून टाकले, बाकीचे रोख. दुकानदाराने वहीच्या पानावर ‘बाटली १२० नग’ एवढं लिहून चिठ्ठी हातात दिली. खाली सही नाही, वर दुकानाचं नाव नाही.

हे २,४०० रुपये लक्षात ठेवा, मैत्रिणींनो. आजची सगळी गोष्ट त्या २,४०० रुपयांचीच आहे.

हळदीकुंकू थाटात झालं. बाटल्या खोक्यात बऱ्या दिसत नाहीत म्हणून आम्ही त्या बाहेर काढून परातीत रचल्या, प्रत्येकीवर तिळगुळाची पुडी ठेवली. खोकी टाकून दिली. आमच्यातली एक जण मात्र काही टाकत नाही, तिने तिच्या वाटची खोकी माळ्यावर चढवून ठेवली. तेव्हा आम्ही तिला हसलो होतो.

रथसप्तमी झाली आणि एकेक गोष्ट कानावर येऊ लागली. आमच्या गल्लीतल्या एक मावशी हळदीच्या काढणीला रोजाने जातात. त्या एके दिवशी दारात आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग हळूच म्हणाल्या, “ताई, दिलेल्या वस्तूला नाव ठेवू नाही म्हणतेत. पण सहाला भरलेला चहा नऊला गार होते बघा. म्या माझी जुनी बाटली नातवाला देऊन टाकली ना.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दुसरीकडून कळलं, झाकणातून गळून लेकराच्या दप्तरातली पुस्तकं भिजली. तिसरीच्या बाटलीत तळाला जोडापाशी गंजाचे ठिपके. आम्ही घरोघरी जाऊन विचारलं तेव्हा १२० पैकी ४७ बाटल्या खराब निघाल्या. मी विचारायला गेले नसते तर त्यातल्या चाळीस तरी जणी आयुष्यात बोलल्या नसत्या.

दुकानावर गेलो तर शटर बंद. फलक काढलेला. शेजारचा म्हणाला, “ते तर फेब्रुवारीतच खाली करून गेले.” घरी आलो तर सगळ्यांचं एकच, “जाऊ द्या की. वाणाच्या वस्तूसाठी कोणी भांडतं का?”

इथे मी थांबून विचार केला. वाणाच्या वस्तूसाठी खरंच कोणी भांडत नाही. देणारीला वाटतं, दिलेल्याचं काय बोलायचं. घेणारीला वाटतं, फुकट मिळालेल्याला काय नाव ठेवायचं. रक्कम एवढीशी की घरातला पुरुष म्हणणार, सोड. म्हणजे ज्याला खराब माल खपवायचा आहे, त्याच्यासाठी संक्रांतीसारखा मोसम नाही. आपला संकोच हा कुणाचा तरी नफा असतो. म्हणून हा प्रकार नीट समजून घ्यायचं ठरवलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

दुकान बुडतं म्हणजे नेमकं काय बुडतं?

आपण म्हणतो, ‘दुकान बुडालं.’ पण दुकान दोन प्रकारचं असतं. आपल्या सेनगाव-हिंगोलीकडची बहुतेक दुकानं एका माणसाच्या नावावर असतात. कायद्याच्या नजरेत तिथे दुकान आणि मालक वेगळे नसतात. शटर खाली ओढलं, फलक उतरवला, तिथे मोबाइलचं दुकान आलं, तरी घेतलेल्या पैशाची आणि विकलेल्या मालाची जबाबदारी त्या माणसावरच राहते. तो दुसऱ्या गावी गेला तरी ती त्याच्याबरोबर जाते. भागीदारीचं दुकान असेल तर भागीदारांवर.

दुसरा प्रकार म्हणजे कंपनी. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. ती बुडाली तर मालकाच्या घरी जाऊन सहसा पैसे मागता येत नाहीत. आपल्या देशात अशी मोठी उदाहरणं आहेत. ‘सुभिक्षा’ ही दुकानांची साखळी १९९७ साली चेन्नईत सुरू झाली. बघता बघता देशभर सुमारे १,६०० दुकानं झाली, महाराष्ट्रातही होती. २००९ च्या सुरुवातीला पैसा संपला आणि दुकानांना टाळी लागली. त्यानंतर ‘बिग बझार’. ज्या कंपनीची ही दुकानं होती त्या फ्युचर रिटेलचं प्रकरण जुलै २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतलं आणि २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला.

कंपनी अशी मोडीत निघते तेव्हा देणेकऱ्यांची रांग लागते. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात ही रांग ठरवून दिलेली आहे. आधी त्या प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका आणि कामगारांची थकलेली मजुरी, मग इतर नोकरदार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारची देणी. खराब वस्तू घेतलेला किंवा आगाऊ पैसे भरलेला साधा गिऱ्हाईक त्याच्याही मागे, ‘इतर देणी’ या खान्यात. तिथवर पोचेपर्यंत भांड्यात बहुतेक वेळा खरवडीसुद्धा उरत नाही.

पण ही झाली विकणाऱ्याची गोष्ट. बाटली दुकानदाराने बनवलेली नसते. ती कुणीतरी बनवलेली असते, कुणीतरी पॅक केलेली असते, बाहेरदेशातून आली असेल तर कुणीतरी आयात केलेली असते. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी’ या शब्दातच वस्तू बनवणारा आणि पॅकबंद वस्तू असेल तर पॅक करणारा, या दोघांनाही धरलं आहे. म्हणजे दुकान बंद पडलं तरी तक्रारीचं दार बंद पडत नाही. वॉरंटी कार्डावर वॉरंटी कंपनीची असेल तर ती दुकानाबरोबर मरत नाही. दुकानदाराने तोंडी दिलेली ‘आपली गॅरंटी आहे ना वहिनी’ मात्र त्याच्या शटरबरोबर खाली जाते.

एका बाटलीने बदललेला कायदा

आमच्यातल्या एकीने विचारलं, “पण खराब बाटली ज्या मावशीकडे आहे, तिने तर पैसेच दिले नाहीत. मग तिची तक्रार कशी चालेल?” प्रश्न बरोबर होता. आणि गंमत अशी, की जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न दूर स्कॉटलंडमध्ये एका बाटलीवरूनच उभा राहिला होता.

ऑगस्ट १९२८ मधली गोष्ट. पेस्ली नावाच्या गावात मे डोनोह्यू नावाची एक गरीब बाई मैत्रिणीबरोबर एका उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. नाव बिअर असलं तरी ते आल्याचं साधं पेय. पैसे मैत्रिणीने दिले. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. थोडं पिऊन झालं आणि उरलेलं ओतताना, तिच्या सांगण्यानुसार, बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली. ती आजारी पडली. आता दाद कुणाकडे मागायची? उपाहारगृहाच्या मालकाशी तिचा व्यवहारच झाला नव्हता, पैसे मैत्रिणीचे होते. आणि त्याने तरी बंद बाटलीच्या आत कसं पाहायचं? तिने थेट पेय बनवणाऱ्या डेव्हिड स्टीव्हन्सनवर दावा लावला. खर्चाला पैसे नव्हते म्हणून आपण निर्धन असल्याचं तिने लिहून दिलं. मे १९३२ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी तिच्या बाजूने कौल दिला. जो माणूस बंद वस्तू बनवून बाजारात पाठवतो, त्याने ती शेवटी वापरणाऱ्याची काळजी घेतलीच पाहिजे, मग त्या दोघांत पैशाचा व्यवहार झालेला असो वा नसो. गोगलगाय खरंच होती का, हे सिद्ध करायची वेळ आलीच नाही. पुढे तडजोड झाली. पण तो निकाल आजही वकिलीच्या वर्गात शिकवतात.

आपल्याकडे १९८६ साली पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याआधीच आपल्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा नवा आला, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘ग्राहक’ कोण हे सांगताना स्पष्ट लिहिलं आहे, की पैसे देऊन वस्तू घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक आहे. म्हणजे वाण म्हणून बाटली घेतलेली आमची मावशीसुद्धा कायद्याने ग्राहक. तिने पैसे दिले नाहीत म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असं हाय का? मग बोलू का आता मी?”

वस्तू पुन्हा विकण्यासाठी घेतली असेल तर मात्र हा कायदा लागत नाही. बचत गटाने माल आणून विकला तर गोष्ट वेगळी. तिथेही स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणारीला कायद्याने सवलत ठेवली आहे. वाण लुटणं हा काही धंदा नव्हे, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

बियाण्याची पिशवी आणि बाटलीचं खोकं

हक्क आहे हे कळलं. पण हक्क दाखवायचा कशावर? तर कागदावर. आणि कागद आम्ही २,४०० रुपयांना विकून बसलो होतो.

आपल्या भागातल्या घरांना हे खरं तर शिकवायला नको. २०२० चा खरीप आठवा. मराठवाड्यात सोयाबीन पेरलं आणि ठिकठिकाणी उगवलंच नाही. तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हा पंचनाम्याला आलेल्यांनी पहिलं काय मागितलं? पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि दुकानाची पावती. ज्याच्याकडे हे होतं त्याचं म्हणणं पुढे गेलं. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगून टाकलं होतं, की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. तेव्हापासून कितीतरी घरांत बियाण्याची रिकामी पिशवी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवतात. मी स्वतः आमच्या घरात ती आढ्याला खोचलेली पाहते.

मग मिक्सरचं, कुकरचं, बाटलीचं खोकं आपण त्याच दिवशी का फेकतो? शेताची वस्तू ती गंभीर आणि स्वयंपाकघरातली ती किरकोळ, असं आपल्याच मनात बसलेलं असतं म्हणून.

पॅकबंद वस्तूवर काय छापलेलं असावं याचे सध्याचे नियम २०११ पासून आहेत. बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, महिना आणि वर्ष, सगळे कर धरून कमाल किंमत, आणि तक्रार कुठे करायची तो फोन किंवा ईमेल. हे सगळं बहुधा खोक्यावरच असतं, वस्तूवर नसतं. खोकं गेलं की वस्तू अनाथ होते. स्टीलच्या पाण्याच्या बाटल्यांबद्दल तर केंद्र सरकारने २०२३ मध्ये आदेश काढून भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे आपण ज्याला आयएसआय म्हणतो ती खूण सक्तीची केली. आमच्या बाटल्या उलट्या करून पाहिल्या. एकीवरही ती खूण नव्हती. दुकानात बाटली हातात घेऊन आम्ही चकाकी पाहिली, वजन पाहिलं, रंग पाहिला. तळ पाहिला नाही.

आम्हाला काय मिळालं, काय नाही

आता आमचं काय झालं ते सांगते. आम्ही कोर्टात गेलो नाही. तोवर जायची वेळ आली नाही.

माळ्यावरची खोकी निघाली २२. जिला आम्ही हसलो होतो, तिच्यामुळे. त्यावर बारीक अक्षरात बाटल्या बाजारात आणणाऱ्या एका व्यापाऱ्याचं नाव आणि पत्ता होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवला. मराठीतून बोलता आलं. त्यांनी तक्रार लिहून घेतली, नंबर दिला. त्याच वेळी आम्ही त्या पत्त्यावर पत्र पाठवलं, सोबत फोटो. तीन आठवड्यांनी फोन आला. पहिला प्रश्न, “बिल पाठवा.” बिल कुठलं! मग खोक्यांचे फोटो पाठवले. खूप बोलणी झाली. शेवटी ज्यांची खोकी होती त्या २२ बाटल्या त्यांनी बदलून दिल्या. बाकीच्या आमच्याच आहेत कशावरून, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगू? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुकानदाराचा माग लागला तो फोनवरून टाकलेल्या ५,००० रुपयांमुळे. पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याचं नाव फोनमध्ये दिसत होतं. नाव मिळालं, त्यावरून घराचा पत्ता काढला. स्पीड पोस्टाने साध्या मराठीत नोटीस पाठवली. कधी काय घेतलं, किती दिले, कशात काय बिघाड आहे, पंधरा दिवसांत पैसे परत करा, नाहीतर हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. वकील लावला नाही. आमच्यातली एक शिक्षिका आहे, तिने लिहिली.

आठव्या दिवशी तो माणूस बायकोला घेऊन माझ्या दारात उभा. मी भांडायच्या तयारीत होते. पण तो खाली मान घालून म्हणाला, “ताई, मलाच उधारीवर गळ्यात मारला तो माल. मी बी बुडालो त्याच्यात. दुकानावर कर्ज आहे.” त्याची बायको काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्या जागी असते तर, असं मनात येऊन गेलं. चहा ठेवला.

आम्ही सहा जणींनी बसून ठरवलं. २२ बदलून मिळाल्या, उरलेल्या खराब २५ बाटल्यांचे एकशे दहाने २,७५० रुपये होतात. तेवढेच मागायचे, वर काही नाही. त्याने तीन हप्त्यांत दिले. त्या पैशांतून पक्क्या पावतीच्या बाटल्या आणून घरोघरी दिल्या, कमी पडले ते आम्ही घातले. काही जणी म्हणाल्या, त्याच्या गरिबीकडे पाहून सोडून द्यायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. त्याची अडचण खरी होती. पण रोजाने हळद काढणाऱ्या मावशीची अडचण काय खोटी होती? त्याच्यावर माल लादणारा वरचा व्यापारी होता, त्याला भांडायचा त्याचाही हक्क होता. पण तो तरी कसा भांडणार, त्यानेही तो माल बिनबिलाचाच घेतलेला! वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी थोडे थोडे पैसे वाचवले आणि शेवटच्या बाईच्या हातात गार चहा आला.

तुमच्यावर वेळ आली तर

आमच्या अनुभवातून शहाणपण आलं ते थोडक्यात सांगते.

घेताना पक्की पावती मागा. मागूनही पावती न देणं हा २०१९ च्या कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरवलेला प्रकार आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी पाहून घाबरू नका. सदोष माल परत घेऊन पैसे देणं, पावतीवर लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, हे दुकानदाराला टाळता येत नाही. पावतीवर जीएसटीचा नंबर असेल तर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकून धंदा कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की नोंदणी रद्द झाली, हे कुणालाही पाहता येतं. घरातल्या कॉलेजातल्या मुलीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

मोठी रक्कम असेल तर निदान काही पैसे फोनवरून द्या. रोख पैशाला तोंड नसतं. यात्रेतल्या किंवा दसऱ्याच्या प्रदर्शनातल्या स्टॉलवर घेताना तर खोकं आणि पत्ता नक्की पाहा. हिंगोलीच्या दसऱ्याला कुठून कुठून स्टॉल येतात, प्रदर्शन उठलं की ते पुढच्या गावी जाणारच. त्यांचा तो धंदाच आहे, पण आपल्याला पत्ता हवा.

थर्मासची बाटली घरी आणली की उकळतं पाणी भरून झाकण लावा. पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. चांगल्या बाटलीत दोन भिंतींच्या मधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे आतली उष्णता बाहेर येत नाही. जोड कच्चा असला की हवा आत शिरते आणि बाटलीचं अंग बाहेरून तापतं. मग आडवी करून गळते का पाहा. वाण लुटण्याआधी ही परीक्षा आम्ही केली असती तर दुकान उघडं असतानाच परत गेलो असतो.

बिघाड दिसला की वापर थांबवा, फोटो काढा, वस्तू टाकू नका. आधी दुकानदार आणि बनवणारा दोघांनाही लेखी कळवा. मग १९१५. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दुकान पुण्याचं असो की दिल्लीचं, सेनगावच्या बाईने हिंगोलीलाच यायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची. अनेकींची एकच तक्रार असेल तर आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने एकत्र करता येते. तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिन्यांत, निकाल लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे सांगितलं नाही तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. म्हणूनच नोटीस आणि हेल्पलाइन या पायऱ्या आधी नीट चढा. आमचं काम तिथेच झालं.

आता पुन्हा संक्रांत आली आहे. परवा आम्ही सहा जणी बाजारात गेलो. या वेळी सुती पिशव्या लुटायचं ठरलंय. दुकानदार नेहमीचंच बोलला, “बिल पाहिजे का वहिनी? बिनबिलाचं स्वस्त पडेल.” मावशी आमच्याबरोबर आल्या होत्या, सहज. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, “बिल दे रे बाबा. नाव, पत्ता, समदं लिही.”

दुकानदाराने बिलबुक काढलं. मावशींना वाचता येत नाही. तरी त्यांनी ते बिल हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, घडी केली आणि माझ्या पर्समध्ये ठेवून दिलं.